फिजी आणि ऑलिंपिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मैदानावर रग्बी शिकायला येणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि ऑलिंपिकच्या दिवसांत अचानक फोन करणारे मित्र, सगळे फिजीबद्दल साधारण तेच प्रश्न विचारतात. म्हणून ते एका जागी घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्या प्रश्नांना तेवढी जागा लागतेच.

फिजी नेमका आहे कुठे आणि केवढा?

दक्षिण प्रशांत महासागरात, न्यूझीलंडच्या उत्तरेला. तीनशेहून जास्त बेटं, त्यांतल्या शंभराच्या आसपास बेटांवर वस्ती. एकूण लोकसंख्या नऊ लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षाही कमी. विती लेवू हे सर्वांत मोठं बेट आणि त्यावरचं सुवा ही राजधानी. १० ऑक्टोबर १९७० रोजी ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं.

ऑलिंपिकमध्ये फिजी पहिल्यांदा कधी उतरला?

१९५६ मध्ये, मेलबर्नला. तेव्हा देश स्वतंत्रही नव्हता, पण पथक स्वतःच्या नावाने गेलं. त्यानंतर १९६४ ची टोकियो स्पर्धा हुकली आणि १९८० च्या मॉस्को स्पर्धेवर फिजीने बहिष्कार टाकला. बाकी प्रत्येक उन्हाळी ऑलिंपिकमध्ये फिजीचं पथक होतं.

मग पहिलं पदक मिळायला साठ वर्षं का लागली?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण याचं उत्तर बहुतेक जण चुकीचं देतात. "छोटा देश, पैसा नाही, सोयी नाहीत" हे खरं आहे, पण अर्धंच. खरी अडचण अशी होती की फिजीची माणसं ज्या खेळात जगात भल्याभल्यांना भारी पडत होती, तो खेळ ऑलिंपिकमध्ये नव्हताच.

रग्बी फिजीत आली १८८४ मध्ये. म्बा या गावी गोरे आणि स्थानिक शिपाई ती खेळू लागले. पुढे सात-सात जणांची रग्बी, म्हणजे सेव्हन्स, फिजीच्या मातीत अशी रुजली की गावागावात तीच. १९७७ मध्ये फिजीने हाँगकाँग सेव्हन्स ही मानाची स्पर्धा जिंकली. १९९७ आणि २००५ मध्ये सेव्हन्सचा विश्वचषक घेतला. वाइसाले सेरेवी हा या खेळाचा बादशहा मानला जातो. त्याचे चकवे आजही मी मुलांना मोबाइलवर दाखवतो. पण ऑलिंपिकमध्ये रग्बी शेवटची खेळली गेली होती १९२४ मध्ये, तीही पंधराजणांची. सेरेवीची सगळी उमेदीची वर्षं ऑलिंपिकविना गेली. जगातला सर्वोत्तम सेव्हन्सपटू, आणि ऑलिंपिकच्या नोंदीत खेळाडू म्हणून त्याचं नावही नाही.

९ ऑक्टोबर २००९ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कोपनहेगनच्या बैठकीत सेव्हन्सला ऑलिंपिकमध्ये घ्यायचं ठरलं. प्रत्यक्ष खेळ उतरला २०१६ मध्ये रिओला. पहिल्याच संधीला फिजीने सुवर्ण घेतलं. तेव्हा फिजी २०१६ साली चांगला झाला असं नाही. तो आधीपासूनच चांगला होता. आजवरची त्याची चारही ऑलिंपिक पदकं सेव्हन्समधली आहेत.

सेव्हन्स म्हणजे काय? मला रग्बीच कळत नाही.

हरकत नाही, दोन मिनिटांत कळेल. मैदान पंधराजणांच्या रग्बीएवढंच मोठं, पण प्रत्येक बाजूला सातच खेळाडू. सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. चेंडू हातात धरून धावता येतो, पण पास द्यायचा तो बाजूला किंवा मागे, पुढे नाही. समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण. त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडला तर आणखी २.

मैदान मोठं आणि माणसं कमी, म्हणून मोकळी जागा भरपूर. दमसास, वेग आणि हातांची सफाई या तिन्हींची कसोटी लागते. फिजीची खासियत म्हणजे ऑफलोड. पकडला गेलेला, जमिनीकडे कोसळणारा खेळाडू शेवटच्या क्षणी एका हाताने चेंडू मागच्याकडे सोडतो. इतर संघ या क्षणी चेंडू जपतात. फिजीची पोरं तो हवेत सोडतात, कारण मागे आपला माणूस आलेला असणार याची त्यांना खात्री असते.

रिओच्या अंतिम सामन्यात काय झालं?

११ ऑगस्ट २०१६, देओदोरोचं मैदान. आपल्याकडे १२ तारखेचे पहाटेचे साडेतीन. मी उठून बसलो होतो आणि घरातल्यांची झोपमोड नको म्हणून आवाज बंद ठेवला होता. समोर ग्रेट ब्रिटन, म्हणजे ज्यांनी हा खेळ फिजीत आणला आणि जवळपास शंभर वर्षं तिथे राज्य केलं तेच.

पहिल्याच मिनिटात कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊने ट्राय केला आणि मग थांबणंच नाही. मध्यंतराला २९–०. शेवटी ४३–७. फिजीचे सात ट्राय, ब्रिटनचा एक. उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडशी १२–७ असा जिवाच्या आकांताने झालेला सामना पाहिलेल्यांना अंतिम सामना इतका एकतर्फी होईल असं वाटलं नव्हतं.

मला मात्र गुणांपेक्षा त्यानंतरची दोन मिनिटं जास्त आठवतात. पदकं द्यायला ब्रिटनची राजकन्या ॲन आली होती. फिजीचे खेळाडू एकेक करून गुडघ्यावर बसले, मान पुढे केली, पदक गळ्यात पडलं आणि त्यांनी तळहात खोलगट करून टाळी वाजवली. या टाळीला तिकडे थोम्बो म्हणतात. मोठ्या माणसाकडून काही घेताना ती वाजवायची रीत आहे. काही जणांना ते गोऱ्यांपुढचं झुकणं वाटलं. मला तसं वाटत नाही. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात तेव्हा कोण लहान आणि कोण मोठा हे आपण विचारत नाही. मैदानावर सगळे हिशेब चुकते करून ही मुलं आपल्या घरच्या रीतीने वागली, एवढंच.

ऑलिंपिकच्या इतिहासातलं फिजीचं हे पहिलं पदक, आणि प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशांमधलं पहिलं सुवर्ण. त्याआधी टोंगाच्या पाएआ वुल्फग्रामने १९९६ मध्ये मुष्टियुद्धात रौप्य मिळवलं होतं.

सात डॉलरची नोट खरोखर निघाली होती का?

हो, खरोखर. फिजीच्या रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये संघाच्या सन्मानार्थ सात डॉलरची नोट काढली. ती शोभेची नाही, दुकानात चालणारी आहे. सात खेळाडूंचा खेळ, म्हणून सात. सरकारने राष्ट्रीय सुट्टीही दिली होती.

याहून मोठी गोष्ट मात्र झेंड्याची. पंतप्रधान फ्रँक बैनीमारामा यांचं सरकार तेव्हा राष्ट्रध्वज बदलायच्या तयारीत होतं. ध्वजाच्या कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक आहे, तो काढायचा बेत होता. रिओनंतर गल्लोगल्ली तोच आकाशी झेंडा फडकला आणि काही दिवसांतच बैनीमारामांनी बदलाचा बेत सोडल्याचं जाहीर केलं. लोकांचं झेंड्यावरचं प्रेम पाहून आपण हेलावलो, असं त्यांनी सांगितलं.

त्या संघाची तयारी कशी झाली होती?

प्रशिक्षक होता बेन रायन हा इंग्लिश माणूस. २०१३ मध्ये तो आला तेव्हा रग्बी संघटनेची तिजोरी रिकामी होती आणि सुरुवातीचे काही महिने त्याला पगारही मिळाला नाही. खेळाडूंत कुणी तुरुंगाचा पहारेकरी, कुणी हॉटेलात कामाला. सिंगातोकाजवळ वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांवर धावणं हा सरावाचा भाग. वाळूत पाय रुतून धावण्याने मांड्यांना किती पीळ बसतो हे गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर शंभर मीटर पळून पाहा, म्हणजे कळेल. ते तर सपाट, इथे चढ.

त्यातच फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन हे चक्रीवादळ आलं. ४४ माणसं गेली, गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. त्या ऑगस्टमधलं सुवर्ण या पार्श्वभूमीवर आलं. रायनला फिजीने जमीन आणि सरदारकीचा किताब दिला.

आपल्याकडची एक आठवण इथे येतेच. १९५२ मध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. खेळाडू तयार असतो, मागची व्यवस्था नसते, आणि कुणीतरी एक माणूस पदरमोड करून उभा राहतो. ही गोष्ट फिजीची तशी आपलीही.

रिओनंतर काय? ते यश एकदाचंच होतं का?

नाही. टोकियोची स्पर्धा कोविडमुळे २०२१ मध्ये झाली. फिजीत साथ भडकली होती. खेळाडू महिनोन्‌महिने घरापासून दूर, आधी सुव्यात आणि मग ऑस्ट्रेलियात शिबिरात राहिले. टोकियोला ते गेले मालवाहू विमानातून, गोठवलेल्या मासळीच्या सोबतीने. २८ जुलैला अंतिम सामन्यात न्यूझीलंडला २७–१२ हरवून सुवर्ण राखलं.

कर्णधार होता जेरी तुवाई. रिओच्या संघातला तोही. सुव्याजवळच्या न्यूटाऊन वस्तीत तो वाढला. लहानपणी चेंडू नसायचा म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीने खेळायचा. सेव्हन्समध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवणारा पहिला पुरुष खेळाडू हाच. मी मुलांना पास शिकवताना कधी कधी बाटली देतो. वजन कळतं, पकड सुधारते आणि जेरीची गोष्ट सांगायला निमित्त मिळतं.

पॅरिसला २०२४ मध्ये घोडं अडलं. तोवर ऑलिंपिकमध्ये फिजी एकही सामना हरला नव्हता. २७ जुलैला यजमान फ्रान्सविरुद्ध मध्यंतराला ७–७ होतं. दुसऱ्या डावात फ्रान्सचा ॲन्तवान द्युपाँ मैदानात आला आणि सामना फिरला. २८–७. फिजीला रौप्य. प्रशिक्षक होता रिओचा कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ.

मुलींचा संघ आहे का?

आहे, त्याला फिजियाना म्हणतात, आणि टोकियोत त्यांनी कांस्य जिंकलं. उपांत्यपूर्व फेरीत रिओची सुवर्णविजेती ऑस्ट्रेलिया १४–१२ अशी गारद केली. न्यूझीलंडशी उपांत्य सामना जादा वेळेपर्यंत ताणला आणि हरल्या. मग कांस्यासाठी ग्रेट ब्रिटनला २१–१२ हरवलं. रुसिला नांगासाऊ कर्णधार. ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या फिजीच्या या पहिल्या महिला. मुलींनी रग्बी खेळू नये असं म्हणणारी माणसं तिकडेही होती. आमच्या मैदानावर मुलीला सोडायला आलेली एखादी आई दारातच घुटमळते तेव्हा मी तिला हाच सामना दाखवतो.

पहिलं पदक रिओचं, मग इलिएसा डेलानाचं काय?

चांगला प्रश्न, आणि तो कमी जण विचारतात याचं वाईट वाटतं. रिओच्या चार वर्षं आधी, २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये इलिएसा डेलानाने उंच उडीत, एफ४२ (पायाचं अपंगत्व असलेल्यांच्या) गटात, सुवर्ण जिंकलं होतं. लहानपणी बसच्या अपघातात त्याचा एक पाय गेला. तो एका पायावर लंगडी घालत आडव्या बारकडे धावत यायचा आणि उडी घ्यायचा. उंची १.७४ मीटर.

रौप्य कुणाला मिळालं? कर्नाटकच्या एच. एन. गिरीशा यांना. त्यांनीही १.७४ मीटरच पार केलं होतं. चुकलेल्या प्रयत्नांच्या हिशेबात डेलाना पुढे राहिला. म्हणजे आपण ज्या दिवशी गिरीशांच्या रौप्याचा आनंद केला, त्याच दिवशी एक देश आपलं पहिलं सुवर्ण साजरं करत होता. डेलाना पुढे संसदेत निवडून गेला आणि युवक व क्रीडा खात्याचा सहायक मंत्री झाला. पहिलं पदक कुणाचं असं कुणी विचारलं तर मी आधी डेलानाचं नाव घेतो.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत फिजी का दिसला नाही?

राजकारणामुळे. २००६ मध्ये लष्करप्रमुख बैनीमारामांनी बंड करून सत्ता घेतली. निवडणुका लांबत गेल्या आणि सप्टेंबर २००९ मध्ये राष्ट्रकुलाने फिजीला निलंबित केलं. दिल्लीत सेव्हन्स झालं, पण फिजीविना. दिल्लीच्या प्रेक्षकांचं तेवढं नुकसान झालं.

ही पहिली वेळ नव्हती. १९८७ मध्ये सितिवेनी राबुका या लष्करी अधिकाऱ्याने दोन बंडं केली, देश प्रजासत्ताक झाला आणि राष्ट्रकुलाबाहेर गेला. १९९० आणि १९९४ च्या स्पर्धा बुडाल्या. पुनःप्रवेश १९९७ मध्ये. राबुका स्वतः १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत फिजीकडून गोळाफेक, थाळीफेक, हातोडाफेक आणि डेकॅथलॉनमध्ये उतरले होते. खेळाडूला एका स्पर्धेची किती ओढ असते हे त्यांना माहीत असणार. तरीही त्यांच्या बंडाने एका अख्ख्या पिढीच्या खेळाडूंची दोन स्पर्धांची दारं बंद झाली. खेळाडूची उमेद आठ-दहा वर्षांची असते. त्यांतली चार-आठ अशी गेली तर ती कुणी परत देत नाही.

राष्ट्रकुल स्पर्धेत फिजीची कामगिरी कशी आहे?

फिजी १९३८ पासून त्यात आहे. १९५० मध्ये ऑकलंडला माताइका तुइथाकाऊने गोळाफेकीत सुवर्ण आणि थाळीफेकीत रौप्य घेतलं. सेव्हन्समध्ये मात्र सुवर्णाने कायम हुलकावणी दिली. १९९८, २००२, २०१८ आणि २०२२ मध्ये रौप्य, २००६ मध्ये कांस्य. ऑलिंपिकची दोन सुवर्णं आहेत, राष्ट्रकुलचं एकही नाही!

२०१८ मध्ये गोल्ड कोस्टला इलीन थिकामाताना या अठरा वर्षांच्या मुलीने भारोत्तोलनात सुवर्ण जिंकलं. पुढे तिचा फिजीतल्या संघटनेशी वाद झाला, ती ऑस्ट्रेलियाकडे गेली आणि २०२२ मध्ये त्या देशासाठी सुवर्ण घेतलं. छोट्या देशाला एक चांगला खेळाडू गमावणं किती महाग पडतं याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. रग्बीतही फिजीची किती तरी मुलं फ्रान्स, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाच्या क्लबांत जातात. पैसा तिथे आहे, घरी पाठवता येतो. त्यांना दोष कसा देणार?

पॅसिफिक गेम्स काय आहे?

प्रशांत महासागरातल्या बेटांची आपापसातली बहुक्रीडा स्पर्धा. तिची कल्पना मांडली फिजीच्या डॉ. ए. एच. साहू खान यांनी, १९५९ मध्ये न्यू गिनीतल्या रबाउलच्या एका बैठकीत. भारतीय वंशाच्या माणसाची ही कल्पना, आणि पहिली स्पर्धा १९६३ मध्ये सुव्यात झाली. तेरा प्रदेश आले होते. ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत बाद होणाऱ्या बेटांवरच्या मुलांना इथे बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळतात आणि घरी पदकं येतात.

फिजीतल्या भारतीयांचा या इतिहासात वाटा किती?

१८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून जास्त भारतीय मजूर करारावर, म्हणजे 'गिरमिटा'वर, उसाच्या मळ्यांत नेले गेले. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे आणि मद्रास इलाख्यातले. त्यांचे वंशज रग्बीपेक्षा फुटबॉलमध्ये जास्त दिसतात.

रॉय कृष्णा हे नाव आपल्याकडे आयएसएल (इंडियन सुपर लीग) पाहणाऱ्यांना ठाऊक आहेच. एटीके, मोहन बागान, बेंगळुरू, ओडिशा असं सगळीकडे खेळलेला. २०१६ मध्ये फिजीचा फुटबॉल संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला. दक्षिण कोरियाकडून ०–८, जर्मनीकडून ०–१० असा मार खाल्ला. पण मेक्सिकोविरुद्ध रॉयने हेडरने गोल केला आणि मध्यंतराला फिजी १–० ने पुढे होता. पुढे १–५ हरले. तरी ऑलिंपिक फुटबॉलमधला फिजीचा एकमेव गोल रॉयचा.

दुसरं नाव गोल्फपटू विजय सिंगचं, २००४ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर गेलेला. गोल्फ ऑलिंपिकमध्ये परतलं तेव्हा, २०१६ मध्ये, त्याने माघार घेतली. झिका विषाणूचं कारण त्याने दिलं होतं.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिजी? तिथे बर्फ कुठे पडतो?

पडत नाही. रुसिआते रोंगोयावा नॉर्वेत राहून स्कीइंग शिकला आणि १९८८ व १९९४ मध्ये उतरला. २००२ मध्ये लॉरेन्स थॉम्स.

सर्वांत छोटा सुवर्णविजेता देश फिजीच का?

नाही. टोकियोत बर्म्युडाच्या फ्लोरा डफीने ट्रायथलॉनमध्ये सुवर्ण घेतलं आणि तिथली लोकसंख्या पासष्ट हजारांच्या आसपास. पदक मिळवणाऱ्यांत तर सान मारिनो त्याहून लहान. पॅरिसमध्ये सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने शंभर मीटर जिंकली. पण सांघिक खेळात, जिथे राखीव धरून बारा-तेरा तगडे खेळाडू लागतात, तिथे फिजीएवढ्या देशाने लागोपाठ दोनदा सुवर्ण घेणं याला तोड नाही.

नावांचे उच्चार तुम्ही वेगळेच लिहिता. का?

कारण फिजीची भाषा रोमन लिपीत लिहिताना मिशनऱ्यांनी स्वतःचे नियम केले. रोमन अक्षरांत 'नाडी' दिसतं ते विमानतळाचं गाव तिथले लोक 'नांदी' म्हणतात. आपल्या संगीत नाटकाची सुरुवात ज्याने होते तेच अक्षरशः. 'बा' हे गाव 'म्बा', आणि 'सी'चा उच्चार थ-द यांच्या मधला. समालोचकही चुकतात. मी शक्य तेवढा तिकडचा उच्चार दिला आहे.

फिजीचा खेळ कुठे पाहता येईल आणि पाहताना लक्ष कशावर ठेवू?

सेव्हन्सच्या जागतिक मालिकेचे आणि ऑलिंपिकचे सामने यूट्यूबवर सहज सापडतात. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, तीत फिजीचे खेळाडू अंधेरीच्या मैदानावर धावले. पुन्हा अशी संधी आली तर सोडू नका.

पाहताना चेंडूकडे पाहू नका. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्या मागे दोन पावलांवर कोण धावतोय ते पाहा. टॅकल बसेल, पहिला खेळाडू आडवा होईल, त्याचा हात गर्दीतून बाहेर येईल आणि चेंडू त्या दुसऱ्याच्या हातात गेलेला असेल. सुरुवात रिओच्या अंतिम सामन्याने करा. मध्यंतरापर्यंतचा खेळ पुरेसा आहे, आणि आवाज चालू ठेवा.